जाळी काढा, चेहरा राहू द्या

जुना फोटो साफ करून घ्यायला नागपुरात बर्डीवर निघाला असाल, तर आधी एवढं वाचा. आमच्या आईचा १९७८ सालचा लग्नातला फोटो त्या काळच्या खरबरीत सिल्क कागदावर आहे. मेन रोडलगतच्या गल्लीतल्या एका दुकानात तो स्कॅन करायला दिला. पडद्यावर आईच्या गालांवर, शालूवर, मागच्या मांडवावर पोळ्यासारखी जाळी उमटली. "करून देतो साफ, काकू," म्हणत तिथल्या मुलाने अख्खा फोटो धूसर केला. जाळी गेली, पण तिच्याबरोबर पापण्या आणि नथीचे मोतीही गेले. मग त्याने मोबाइलमधल्या ॲपने चेहरा 'क्लिअर' केला. समोर आली ती बाई आमची आई नव्हती.

ही जाळी म्हणजे धूळ किंवा ओरखडे नव्हेत. कागदावर ठरावीक अंतराने उंचवटे असतात. स्कॅनरच्या दिव्याचा उजेड तिरपा पडतो आणि प्रत्येक उंचवट्याची सावली तशाच अंतराने उमटते. हा नियमितपणाच तिला पकडून देतो. फ्रेंच गणिती जोसेफ फूरिए यांनी १८२२च्या उष्णतेवरील ग्रंथात मांडलेल्या गणितानं चित्राची लहानमोठ्या लाटांत फोड करता येते. त्या फोडीच्या आलेखात चेहऱ्याचा बहुतेक ऐवज मध्याभोवती दाटतो. जाळी मात्र मध्यापासून दूर, समोरासमोरच्या जोड्यांनी चमकणाऱ्या ठिपक्यांत गोळा होते. तेवढे ठिपके काळे करायचे, मधल्या ठिपक्याला हात लावायचा नाही, आणि उलट रूपांतर करून चित्र परत मिळवायचं. मरिनर ६ यानाने १९६९ मध्ये पाठवलेल्या मंगळाच्या चित्रातला व्यत्यय असाच काढून दाखवतात. इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घरच्या घरी हे जमतं. रंगीत फोटोचे तीन रंग वेगळे करून प्रत्येकावर ते करावं लागतं. नव्या स्कॅनवर आम्ही तसं केलं, आणि नथीचे मोती जागेवर राहिले.

सगळी मदार स्कॅनवर आहे. किमान ६०० डीपीआय आणि टिफ फाइल मागा. व्हॉट्सॲपवर आलेली प्रत या कामाची नाही. फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा फिरवून असे दोन स्कॅन घ्या. ते नीट जुळवून त्यांची सरासरी काढली की सावल्या बऱ्याचशा एकमेकींना खोडतात. जाळी काढण्याआधी आकार बदलू नका. काळे ठिपके लहान आणि मऊ कडेचे ठेवा, नाहीतर चेहऱ्याच्या कडेला लहरी उठतात. वर्तमानपत्रातल्या कात्रणाचे छपाईचे ठिपकेही याच रीतीने जातात. पण स्कॅन कमी डीपीआयचा असेल तर त्या ठिपक्यांचे रुंद पट्टे होऊन चेहऱ्यातच मिसळतात, आणि मग ते वेगळे काढता येत नाहीत.

दुकानदाराकडून काहीही न केलेला मूळ स्कॅन पेनड्राइव्हवर मागून घ्या, आणि कागदी फोटो त्याच दिवशी घरी आणा.