चेंडू वेचणारा मुलगा

(स्क्वॉश या खेळातील थोर खेळाडू हाशिम खान यांचा परिचय या पाठात करून दिला आहे. वयाची पस्तिशी उलटल्यावर त्यांना जगासमोर खेळण्याची पहिली संधी मिळाली. त्या संधीसाठी ते कसे तयार राहिले, हे या पाठातून समजते.)

पेशावर शहराजवळ नवे कलय नावाचे एक लहानसे खेडे आहे. पश्तू भाषेत या नावाचा अर्थ ‘नवे गाव’ असाच होतो. या खेड्यात एका पठाण कुटुंबात सुमारे १९१४ साली हाशिमचा जन्म झाला. ‘सुमारे’ म्हणण्याचे कारण असे, की त्या काळी तेथे जन्मतारीख लिहून ठेवण्याची पद्धत नव्हती.

तेव्हा आपल्या देशावर इंग्रजांचे राज्य होते. पेशावरला इंग्रज सैन्याची मोठी छावणी होती. छावणीतील अधिकाऱ्यांसाठी एक क्लब होता. हाशिमचे वडील अब्दुल्ला खान या क्लबात नोकरीला होते. तेथील नोकरचाकरांचे ते प्रमुख होते. हाशिम आठ वर्षांचा असताना वडील त्याला क्लबात घेऊन गेले. तेथे त्याने प्रथमच स्क्वॉशचा खेळ पाहिला.

स्क्वॉश हा चार भिंतींच्या आत खेळला जाणारा खेळ आहे. त्याच्या जागेला कोर्ट म्हणतात. कोर्ट सुमारे पावणेदहा मीटर लांब आणि साडेसहा मीटर रुंद असते. टेनिसमध्ये खेळाडू समोरासमोर उभे राहतात व मध्ये जाळी असते. स्क्वॉशमध्ये जाळी नसते. दोघे खेळाडू एकाच बाजूला उभे राहून समोरच्या भिंतीवर चेंडू मारतात. भिंतीवरून परत आलेला चेंडू जमिनीवर दुसरा टप्पा पडण्याआधी मारावा लागतो. चेंडू रबराचा, लहान आणि आतून पोकळ असतो. त्यामागे सारखे धावावे लागते. म्हणून या खेळात पाय चपळ लागतात, नजर तीक्ष्ण लागते आणि दम तर फारच लागतो.

पेशावरच्या क्लबातील कोर्टांना छप्पर नव्हते. जमीन विटांची आणि खडबडीत होती. जोरात मारलेला चेंडू कधी कधी भिंतीवरून बाहेर जाई. असे चेंडू उचलून आणून देण्यासाठी लहान मुले ठेवलेली असत.

हाशिम अकरा वर्षांचा असताना त्याच्या वडिलांचे अपघातात निधन झाले. घरावर आभाळ कोसळले. हाशिमची शाळा सुटली. तो त्याच क्लबात कामाला लागला. कोर्ट झाडणे आणि बाहेर गेलेले चेंडू वेचून आणणे, हे त्याचे काम होते.

ज्या वयात हातात पाटी-पेन्सिल असायची, त्या वयात हाशिमच्या हातात झाडू आला. पण त्याने डोळे मात्र उघडे ठेवले. अधिकारी खेळत असताना तो त्यांचा खेळ बारकाईने पाही. कोणता फटका कसा मारला, चेंडू कोणत्या कोपऱ्यात गेला, कोणाची चूक कोठे झाली, हे सारे तो मनात साठवून ठेवी.

दुपारी ऊन तापले की अधिकारी खेळ थांबवून निघून जात. मग कोर्ट रिकामे होई. तीच वेळ हाशिमची आणि त्याच्या सोबत्यांची. साहेबांनी टाकून दिलेल्या मोडक्या रॅकेटी आणि फुटके चेंडू घेऊन ही मुले खेळू लागत. पायांत बूट नसत. विटांच्या तापलेल्या जमिनीवर ती अनवाणी धावत. कधी कधी खेळायला जोडीदार मिळत नसे. तेव्हा हाशिम एकटाच खेळे. एक फटका आपला आणि दुसराही आपलाच! फुटका चेंडू फारसा उसळत नाही. त्यामुळे तो गाठण्यासाठी विजेसारखे धावावे लागे. पुढे हाशिम खान यांच्या चपळाईचे जगाने कौतुक केले. ती चपळाई या फुटक्या चेंडूंनी शिकवली होती.

अशी बरीच वर्षे गेली. १९४२ साली हाशिम खान पेशावरलाच हवाई दलाच्या अधिकाऱ्यांना स्क्वॉश शिकवू लागले. एके काळचा चेंडू वेचणारा मुलगा आता शिक्षक झाला.

१९४४ साली मुंबईत अखिल भारतीय स्क्वॉश स्पर्धा भरली. पेशावरहून लांबचा प्रवास करून हाशिम खान मुंबईला आले. तेथे त्यांनी अब्दुल बारी यांना हरवून पहिला क्रमांक मिळवला. बारी हेही मोठे कसलेले खेळाडू होते. ते हाशिम खान यांचे दूरचे नातेवाईक होते. त्यानंतरची दोन वर्षेही हाशिम खान यांनी ही स्पर्धा जिंकली. त्यांच्या विजयांची सुरुवात अशी आपल्या मुंबई शहरात झाली.

१९४७ साली देशाची फाळणी झाली. पेशावर पाकिस्तानात गेले. हाशिम खान तेथेच राहिले आणि पाकिस्तानच्या हवाई दलात स्क्वॉश शिकवू लागले. अब्दुल बारी भारतात राहिले.

त्या काळी इंग्लंडमधील ‘ब्रिटिश ओपन’ ही स्क्वॉशची जगातील सर्वांत मोठी स्पर्धा मानली जाई. १९५० साली अब्दुल बारी भारताचे खेळाडू म्हणून या स्पर्धेत उतरले आणि थेट अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. अंतिम सामन्यात इजिप्तच्या महमूद करीम यांनी त्यांना हरवले. करीम यांचे हे चौथे विजेतेपद होते.

ही बातमी पेशावरला पोहोचली. ज्या बारींना हाशिम खान यांनी मुंबईत हरवले होते, ते जगात दुसरे आले होते. मग हाशिम खान स्वतः गेले असते तर? पण इंग्लंडला जायचे कसे? शिक्षकाच्या पगारात घर चालवायचे, की परदेशाचे तिकीट काढायचे? शिवाय वय! हाशिम खान तेव्हा सुमारे छत्तीस वर्षांचे होते. या वयात बहुतेक खेळाडू रॅकेट खाली ठेवतात.

अखेर पाकिस्तानच्या हवाई दलाने त्यांना पाठवण्याचे ठरवले. १९५१ साली हाशिम खान इंग्लंडला गेले. उंची बेताची, डोक्यावरचे केस विरळ झालेले, वय सदतिशीचे. त्यांना पाहून हा गृहस्थ विजेता होईल, असे कोणाला वाटले असते?

लंडनला अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर करीम उभे होते. करीम यांचा खेळ फार डौलदार होता. भिंतीजवळ अलगद चेंडू टाकण्यात त्यांचा हातखंडा होता. पण चेंडू कोठेही टाकला तरी हाशिम खान तेथे हजर! त्या काळच्या नियमाप्रमाणे जो गडी नऊ गुण आधी मिळवी, तो डाव जिंकत असे. पहिला डाव हाशिम खान यांनी ९-५ असा जिंकला. करीम धावून धावून थकले. दुसरा डाव ९-० आणि तिसराही ९-०! चार वेळा विजेता ठरलेल्या खेळाडूला शेवटच्या दोन डावांत एकही गुण मिळाला नाही.

हा विजय अपघाताने मिळालेला नव्हता. १९५१ ते १९५६ अशी सलग सहा वर्षे हाशिम खान यांनी ही स्पर्धा जिंकली. १९५७ साली त्यांच्याच गावचे रोशन खान यांनी त्यांना हरवले. तरी हाशिम खान खचले नाहीत. पुढच्याच वर्षी, १९५८ साली, त्यांनी सातव्यांदा विजेतेपद मिळवले. तेव्हा त्यांचे वय चव्वेचाळीसच्या आसपास होते.

हाशिम खान यांनी आपली विद्या स्वतःजवळ लपवून ठेवली नाही. त्यांनी धाकटा भाऊ आझम यालाही खेळात तयार केले. ब्रिटिश ओपनमध्ये अनेकदा हे दोघे भाऊच अंतिम सामन्यात एकमेकांसमोर उभे राहिले. १९५९ ते १९६२ अशी चार वर्षे आझम खान विजेते झाले. १९६३ साली भाचा मोहिबुल्ला खान विजेता झाला. म्हणजे १९५१ पासून सलग तेरा वर्षे हे विजेतेपद एकाच गोतात राहिले.

ही परंपरा येथेच संपली नाही. रोशन खान यांचे चिरंजीव जहांगीर खान यांनी १९८२ ते १९९१ अशी सलग दहा वर्षे ब्रिटिश ओपन जिंकली. त्यांच्यानंतर १९९२ ते १९९७ अशी सहा वर्षे जानशेर खान विजेते झाले. जानशेर यांचे घराणेही नवे कलयचेच. एका लहानशा खेड्याने जगाला एवढे विजेते दिले.

पुढे हाशिम खान अमेरिकेत गेले. तेथे आधी डेट्रॉइट आणि नंतर डेन्व्हर या शहरांत त्यांनी स्क्वॉश शिकवला. त्यांचे पुत्र शरीफ खान यांनीही उत्तर अमेरिकेत मोठे नाव कमावले. म्हातारपणीही हाशिम खान यांनी रॅकेट सोडली नाही. १८ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय सुमारे शंभर वर्षांचे होते.

हाशिम खान यांना संधी फार उशिरा मिळाली. ती कधी येईल, हे त्यांना ठाऊक नव्हते. येईलच, अशी खात्रीही नव्हती. तरीही ते रोज कोर्टावर जात राहिले. म्हणून १९५१ साली दार उघडले, तेव्हा ते दारातच उभे होते. शाळा सुटल्यामुळे त्यांना पुस्तके मिळाली नाहीत. त्यांनी कोर्टालाच आपली शाळा केले. आपल्याला तर शाळाही आहे आणि पुस्तकेही आहेत. मग आपण आपली तयारी का थांबवावी?

शब्दार्थ

छावणी – सैन्याची राहण्याची जागा
वेचणे – एक एक करून उचलणे
अनवाणी – पायांत काही न घालता
कसलेला – सराव करून तयार झालेला
बेताची – फार नाही अशी, मध्यम
डौलदार – ऐटबाज, सुंदर
गोत – नातलगांचा समूह

वाक्प्रचार

आभाळ कोसळणे – मोठे संकट येणे
डोळे उघडे ठेवणे – लक्ष देऊन पाहणे
हातखंडा असणे – एखादे काम उत्तम येणे
नाव कमावणे – कीर्ती मिळवणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हाशिम खान यांचा जन्म कोणत्या गावी झाला?
(आ) हाशिमची शाळा का सुटली?
(इ) १९४४ सालची अखिल भारतीय स्पर्धा कोठे भरली होती?
(ई) हाशिम खान यांनी ब्रिटिश ओपन एकूण किती वेळा जिंकली?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) क्लबात काम करता करता हाशिम खेळ कसा शिकला?
(आ) अब्दुल बारी यांच्या बातमीमुळे कोणता प्रश्न निर्माण झाला?
(इ) ‘दार उघडले, तेव्हा ते दारातच उभे होते’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

प्र. ३. वरील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

प्र. ४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
विजय, पहिला, लहान, उशिरा, धाकटा

प्र. ५. पाठातील ‘हजर’ आणि ‘नोकरी’ हे शब्द उर्दूतही आहेत. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे आणखी पाच शब्द लिहा.