मोबाईलसाठी सौर चार्जर घेताना

मोबाईल आता शेतकऱ्याच्या अवजारांत जमा झाला आहे. बाजारभाव, पावसाचा अंदाज, पैशांची देवघेव, काही ठिकाणी पंप चालू-बंद करणेही त्याच्यावरच चालते. पाणीगेट ही जुन्या बडोद्याची पूर्वेकडची वेस. घर या बाजूला आणि शेत आजवा किंवा वाघोडियाकडे, असे ज्यांचे आहे त्यांना शेतावर फोन बंद पडला तर काय अडचण होते, हे सांगायला नको. म्हणून उन्हावर चालणारा लहान चार्जर घ्यावा, असे पुष्कळांच्या मनात येते. तो घेण्यापूर्वी काय पाहावे, याची थोडी माहिती आम्ही येथे देत आहोत.

प्रथम गरज तपासा

गुजरातेत २००३ पासून ज्योतिग्राम योजनेखाली गावठाणाची वीज आणि शेतीपंपांची वीज वेगळी करण्यात आली. त्यामुळे घरी वीज दिवसरात्र असते, शेतावर मात्र ती ठरावीक तासांचीच मिळते. जो सकाळी शेतावर जाऊन संध्याकाळी घरी परततो, त्याला घरच्या विजेवर भरलेली साधी पॉवर बँक पुरते. सौर चार्जरची खरी गरज आहे ती पिकाच्या राखणीला दोन-चार दिवस मळ्यावर राहणाऱ्याला, किंवा ज्याच्या वस्तीवर वीज पोहोचलीच नाही त्याला.

शेत आणि कणगी

सौर चार्जरचे दोन भाग असतात. ऊन पकडणारे पॅनेल हे शेत, आणि वीज साठवणारी बॅटरी ही कणगी. दुकानात बहुधा कणगीचाच आकडा मोठ्या अक्षरांत दाखवतात: १०,००० एमएएच, २०,००० एमएएच. पण शेत गुंठाभरच असेल, तर एवढी मोठी कणगी भरणार कशाने?

हिशेब सोपा आहे. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात एक चौरस मीटर जागेवर सुमारे १,००० वॅट शक्ती पडते. चांगले पॅनेल त्यातला साधारण पाचवा हिस्सा विजेत बदलते. म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर पॅनेलमागे फार तर २ वॅट. दुकानात जाताना खिशात फूटपट्टी ठेवावी. पॅनेलची लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करावा, आलेल्या आकड्याला ५० ने भागावे. जे उत्तर येईल, त्याहून जास्त वॅट लिहिलेले असतील तर ते मानू नयेत.

ज्या पॉवर बँकेच्या पाठीवरच पॅनेल बसवलेले असते, तिचे उदाहरण घेऊ. पॅनेल १५ सेंटिमीटर लांब, ८ सेंटिमीटर रुंद. क्षेत्रफळ १२०, म्हणजे फार तर २.४ वॅट. प्रत्यक्षात दीड वॅट मिळाले तरी पुष्कळ. १०,००० एमएएचच्या बॅटरीत सुमारे ३७ वॅट-तास वीज मावते. दीड वॅटने ती भरायला, गळती धरून, तीस-पस्तीस तास कडक ऊन हवे. दिवसाकाठी असे ऊन पाच-सहा तास मिळते. म्हणजे आठवडा गेला! अशी वस्तू पॉवर बँक म्हणून ठीक. पण तिच्यावरच्या पॅनेलसाठी जादा पैसे मोजू नयेत.

मग काय घ्यावे?

१. घडीचे पॅनेल वेगळे आणि पॉवर बँक वेगळी घ्यावी. २० वॅटच्या आसपासचे घडीचे पॅनेल चांगल्या उन्हात १२ ते १४ वॅट देते. हल्लीच्या ५,००० एमएएचच्या फोनला ते दोन-अडीच तासांत भरू शकते. असे पॅनेल उलगडल्यावर सुमारे १,००० चौरस सेंटिमीटर तरी भरले पाहिजे.

२. ढग येऊन गेल्यावर चार्जिंग आपोआप पुन्हा सुरू होते का, ते दुकानाबाहेर उन्हात हाताने सावली करून पाहावे. काही पॅनेले अशा वेळी अडून बसतात.

३. पॉवर बँकेवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. तो क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो.

४. १०,००० एमएएचची पॉवर बँक ५,००० एमएएचचा फोन दोनदा भरत नाही. गळती जाता साधारण दीड वेळा भरते. हे धरूनच आकार निवडावा.

वापरताना

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून ठेवावे. हिवाळ्यात जास्त तिरपे, वैशाखात जवळजवळ आडवे. एका फांदीची सावली पडली तरी वीज फार घटते. धूळ ओल्या फडक्याने पुसावी.

सर्वांत महत्त्वाचे: ऊन पॅनेलला हवे, बॅटरीला नको. पॅनेल उन्हात आणि फोन व पॉवर बँक सावलीत, वाऱ्यावर ठेवावी. ४५ अंशांपेक्षा गरम झालेली लिथियम बॅटरी चार्ज करू नये. बडोद्याच्या उन्हाळ्यात सावलीतलाच पारा कधी कधी ४२ अंशांच्या वर जातो, मग उन्हातल्या बॅटरीचे काय होत असेल? फुगलेली बॅटरी घरात ठेवू नये, भोसकू नये, कचऱ्यात टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्याकडे ती द्यावी.

पावसाळ्याची तयारी

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी ३५ फुटांच्या वर गेले. धोक्याची खूण २६ फुटांची आहे. शहराच्या पुष्कळ भागांत वीज बंद ठेवावी लागली. अशा वेळी १०८ ला फोन लावायचा, नातेवाइकांना निरोप द्यायचा, तर फोन चालू हवा. पण पुराच्या दिवसांत आकाश भरलेले असते. दाट ढगांत पॅनेलची वीज दहाव्या हिश्शावर येऊ शकते. ज्या दिवशी अधिक गरज, त्याच दिवशी ऊन नसते.

याचा अर्थ सौर चार्जर निरुपयोगी, असा नाही. उघडीप मिळाली की तो कामाला येतोच. पण पहिले दोन-तीन दिवस निभावतात ते आधी भरून ठेवलेल्या पॉवर बँकेवर. म्हणून मृग लागण्यापूर्वी ती पूर्ण भरावी, महिन्यातून एकदा तपासावी, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उंच फळीवर, उन्हापासून दूर ठेवावी. शेजारी कोणी म्हातारे किंवा आजारी एकटे राहत असेल, तर त्यांचाही फोन त्यातून भरून द्यावा.