सोफ्याचं कव्हर: कापडाआधी कागद कापा

घरून सोफा रिपेअरिंगचं काम सुरू करायचंय? मग स्टेपल गन घेण्याआधी माप शिका. गिऱ्हाइकाला ‘चार मीटर लागेल’ सांगितलं आणि अर्धा मीटर कमी पडलं, तर ते पैसे तुमच्या मजुरीतून जातात. दुकानातला रोल बदलला असेल तर रंगही जुळेलच असं नाही.

१. फाडू नका, उसवा. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक तुकड्यावर खडूने नाव लिहा: बैठक, पाठ, हात आतून, हात बाहेरून. वरच्या दिशेला बाण करा.

२. कागदावर उतरवा. तुकडा इस्त्री करून खाकी कागदावर ठेवा. जुन्या शिवणीची रेघ हेच खरं माप. पण वापरलेलं कापड ताणलेलं असतं, म्हणून फोमही मोजा. नवीन फोम टाकणार असाल तर त्याचंच माप धरा.

३. माया सोडा. शिवणीला चारही बाजूंनी अर्धा इंच. स्टेपल मारायच्या कडेला ओढून धरण्यासाठी २-३ इंच जास्त.

४. आता हिशोब. समजा ५ गाद्या आहेत, प्रत्येक २२ × २२ इंच, जाडी ५ इंच. कापड साधं, पन्हा ५४ इंच.

- वरचे-खालचे मिळून १० चौकोन, मायेसह २३ इंचांचे. एका ओळीत २ बसतात, म्हणजे ५ ओळी = ११५ इंच.
- बाजूला ८ इंच उरतात. त्यातून ६ इंच रुंद काठपट्टी ११५ इंच निघते.
- एका गादीला भोवती ८८ इंच, जोड धरून ९२ पट्टी लागते. पाचांना ४६०. राहिली ३४५. पन्ह्यात आडव्या ७ पट्ट्या = ४२ इंच.

एकूण १५७ इंच, म्हणजे जेमतेम ४ मीटर. चेनची पट्टी थोडी रुंद लागते, एखादा तुकडा चुकतोही. म्हणून साडेचार मीटर सांगा.

डिझाइन दर १२ इंचांनी येत असेल तर प्रत्येक ओळ २३ ऐवजी २४ इंच धरा. पट्ट्यांवरही डिझाइन जुळवायचं असेल तर त्यांचा हिशोब वेगळा मांडा. वेल्वेटमध्ये सगळे बाण एकाच दिशेला ठेवा. लव उलटी झाली की रंग वेगळा दिसतो.

हे चित्र वहीत काढा, गिऱ्हाइकाला दाखवा, मगच भाव सांगा. सुरुवात आजच, घरातल्या एका गादीपासून करा.