अफूचा व्यापार आणि राष्ट्रांचे करार

अफूचे नाव निघाले म्हणजे आपल्या मालवणकडील वाचकांस चीन देश आठवतो, आणि असा दूरचा विषय खेड्यांतील मंडळ्यांच्या वाचनात कशास, असे त्यांस वाटण्याचा संभव आहे. आपल्या लाल मातीत अफू पिकत नाही हे खरे. तथापि ती ज्या वाटेने परदेशी गेली ती वाट याच अरबी समुद्रातून होती, आणि तिचा काही अंश आपल्याच लोकांच्या घरांत शिरला होता. म्हणून तो व्यापार आवरण्याचे जे यत्न राष्ट्रांनी केले त्यांची हकीकत आम्ही येथे देतो.

खाजणाच्या बांधाला एके ठिकाणी माती घातली व दुसरीकडची खांड तशीच राहू दिली, तर भरतीचे पाणी कोठून येते हे आपल्या शेतकऱ्यांस सांगावयास नको. माळव्याच्या अफूचे असेच झाले. बंगालच्या अफूचा मक्ता कंपनी सरकारने आपल्या हाती ठेविला होता. माळवा मात्र संस्थानिकांचा. तेथील माल चीनमध्ये जाऊन आपला भाव पाडील या भीतीने सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई बंदरातून त्याच्या निर्यातीस बंदी केली. तेव्हा माल पोर्तुगीजांच्या दमण बंदरी जाऊ लागला व तेथून मकावकडे निघाला. गोमंतकीय व्यापारी रोजेरियो द फारिया, तसेच पुढे दानशूर म्हणून प्रसिद्धीस आलेले जमशेटजी जीजीभाई, हे या व्यापारातील मोठे गृहस्थ होत.

सरकारने संस्थानिकांशी करार केले, ते निभले नाहीत. अखेर १८३१ साली परवाना देऊन मुंबईतून माल जाऊ द्यावा असे ठरले व पेटीमागे १७५ रुपये पट्टी बसली. व्यापारी तरीही दमणास जात, म्हणून १८३५ साली ती १२५ वर आणिली. पुढे १८४३ साली इंग्रजांनी सिंध घेतला व कराचीवरून दमणास जाणारी वाट बंद झाली. लागलीच पट्टी २०० झाली, १८४५ साली ३००, आणि १८४७ साली ४००! वाचकांनी हे आकडे पुन्हा एकवार वाचावे. हे सर्व करारमदार महसुलासाठी होते. अफू ओढणाऱ्या चिनी मनुष्याचे काय होते, हा प्रश्न त्यांत कोठेही नव्हता.

चीनच्या बादशहाने तो प्रश्न विचारला होता. त्याच्या आज्ञेवरून १८३९ साली लिन झेशू या अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यावरून युद्ध झाले, चीन हरला, आणि दुसऱ्या युद्धात १८५८ साली अफूवर जकात ठरवून तिची आयात कायदेशीर करणे त्यास भाग पडले.

इंग्लंडातील कित्येक ख्रिस्ती लोकांनी याविरुद्ध पुष्कळ वर्षे ओरड केली. त्यावरून १८९३ साली चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमले गेले. त्याने १८९५ साली बहुतेक सर्व दोष सरकारवरून काढून टाकिला. हेन्री विल्सन या एकट्या सभासदाने विरुद्ध मत लिहिले. आम्हांस वाटते, त्या एकट्याचेच पुढे खरे ठरले. १९०७ साली असे ठरले की चीनने आपली लागवड कमी करावी व हिंदुस्थानने आपली निर्यात वर्षास ५,१०० पेट्यांप्रमाणे दहा वर्षांत घटवावी. मुदतीपूर्वीच, १९१३ साली, चीनकडील विक्री थांबली.

एका बंदराने, किंवा दोन राष्ट्रांनीही, हे काम पुरे होत नाही हे ज्यांनी ओळखिले त्यांत फिलिपाईन्सचे बिशप चार्ल्स ब्रेंट मुख्य होत. त्यांनी १९०६ साली अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांस पत्र लिहून सर्व राष्ट्रांची सभा भरविण्याची विनंती केली. १ फेब्रुवारी १९०९ रोजी शांघाय येथे तेरा राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले व ब्रेंटच अध्यक्ष झाले. त्या सभेस केवळ ठराव करण्याचा अधिकार होता, कोणास बांधून घेण्याचा नव्हता. बंधनकारक करार २३ जानेवारी १९१२ रोजी हेग येथे झाला. त्यात अफूबरोबर मॉर्फिन व कोकेन हीही आली. परंतु सर्वांच्या सह्या होईपर्यंत तो अमलात येईना; इतक्यात महायुद्ध पेटले. शेवटी १९१९ च्या व्हर्सायच्या तहात एक कलम घालून, जो तह मान्य करील त्यास हाही करार मान्य, असे ठरविले तेव्हा तो चालू झाला.

१९२५ साली जिनीव्हा येथे आणखी एक पाऊल पुढे पडले. आयात करणाऱ्या देशाच्या सरकारचा दाखला असल्यावाचून माल धाडू नये, असा नियम झाला. मात्र तेव्हाच्या हिंदुस्थान सरकारचे म्हणणे असे पडले की, आपले लोक अफू खातात ही आमची घरची गोष्ट आहे. निर्यात क्रमाने बंद करण्याचे त्याने १९२६ साली जाहीर केले. देशातील परवान्याची दुकाने चालूच राहिली.

आता घरची गोष्ट पाहू. त्या काळी आपल्या किनाऱ्यावरील कित्येक कुटुंबे पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत गेली होती. दिवसभर साच्यावर उभे राहणाऱ्या कामगार बायांत मुलास बाळगोळी देण्याची चाल फार होती, आणि त्या गोळीत अफू असे. मूल निजून राही, रडत नसे, भूकही मागत नसे. त्या आईस दोष देण्यास आम्ही धजत नाही. मूल ठेवावे कोठे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. जिनीव्हाचा दाखला बंदरात दाखवावयाचा होता, तिच्या खोलीच्या दाराशी नव्हे.

मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूतिलाभाचा कायदा झाला. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने, पन्नासाहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे त्यांच्या मुलांसाठी खोली ठेवणे मालकांवर बंधनकारक केले. या दोन कायद्यांचा हेतू अफूबंदी हा नव्हता. तरी अफूच्या करारांबरोबर हेही वाचावे, असे आमचे मत आहे.