अणुइंधनाच्या नळीला क्रोमियमची कल्हई

सोलापूरच्या घराघरांत एके काळी पितळी भांड्यांना कल्हई केली जात असे. कथलाच्या त्या पातळ थरामुळे आंबट पदार्थ कळकत नसत. हेच तत्त्व आता अणुभट्टीतील इंधनाच्या नळ्यांसाठी अवलंबिले जात आहे.

देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली आजच्या पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे सुरू झाले. अशा केंद्रात युरेनियम ऑक्साइडच्या वड्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या बारीक नळ्यांत बंद केलेल्या असतात. हा धातू न्यूट्रॉन फारसे शोषून घेत नाही आणि नेहमीच्या तापमानात पाण्यापुढे चांगला टिकतो. किरणोत्सर्गी द्रव्ये नळीतच कोंडलेली राहतात.

मात्र पाण्याचा पुरवठा खंडित होऊन तापमान सुमारे १,२०० अंश सेल्सिअसपर्यंत गेल्यास हाच धातू वाफेशी वेगाने संयोग पावतो. त्यातून आणखी उष्णता व हायड्रोजन वायू निर्माण होतो. मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा येथे अशाच हायड्रोजनचे स्फोट झाले.

त्यानंतर नळीवर बाहेरून क्रोमियमचा अत्यंत पातळ लेप देण्याच्या संशोधनास गती आली. २०१९ साली अमेरिकेतील अणुभट्ट्यांत अशा नळ्या चाचणीसाठी बसविण्यात आल्या. क्रोमियम ऑक्साइडचा घट्ट थर वाफेला आतील धातूपर्यंत सहजासहजी पोहोचू देत नाही.

तथापि, सुमारे १,३३० अंशांवर क्रोमियम व झिर्कोनियम यांचा संयोग होऊन ते वितळू लागतात. म्हणजेच लेपामुळे अपघात टळतो असे नव्हे. पाणी पुन्हा सुरू करण्यास अधिक अवधी मिळतो. म्हणून लेपाबरोबरच शीतनाची पर्यायी व्यवस्थाही सदैव सज्ज ठेवावी लागते.