पार्टिशनची भिंत : भार न घेणारी, पण भार टाकणारी



आपल्या धानोऱ्यात काय किंवा कुठेही काय, वर्गखोल्या कमी पडल्या की एक उपाय पटकन सुचतो. वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये विटांची आडभिंत घालायची, एकाचे दोन वर्ग! मिस्त्री सांगतो, "सर, या भिंतीवर काही भार नाही." खरंच आहे, छत तिच्यावर टेकलेलं नाही. पण तिचा स्वतःचा भार कोणावर?

हिशेब आठवीची मुलंही करतील. साडेचार इंची, ३ मीटर उंच भिंतीचा १ मीटर लांबीचा तुकडा घ्या. ०.११५ × ३ × १ = ०.३४५ घनमीटर. विटांचं बांधकाम घनमीटरला सुमारे १९०० किलो, म्हणजे ६५५ किलो. दोन्ही बाजूंचं प्लास्टर धरून ८०० च्या आसपास. ६ मीटरच्या भिंतीचे झाले ४८०० किलो. तीस-तीस किलोची १६० मुलं एका ओळीत उभी, आणि मधल्या सुट्टीतही हलत नाहीत!

आता मजला प्रीकास्ट असेल, म्हणजे तयार काँक्रीटच्या पट्ट्या शेजारी-शेजारी मांडलेल्या, तर जास्त जपायला हवं. जागेवर ओतलेला स्लॅब एकसंध असतो, भार आजूबाजूला पसरतो. इथे भिंत पट्टीच्या लांबीने आली तर बहुतेक वजन एक-दोन पट्ट्यांवरच येतं. शेजारच्या पट्ट्या किती वाटा उचलतील ते सांध्यातल्या काँक्रीटवर अवलंबून. भिंत आडवी आली तर वजन सगळ्या पट्ट्यांत वाटलं जातं, पण ती मधोमध असेल तर पट्ट्या जास्त वाकतात. खाली तुळई असलेली जागा सगळ्यात बरी.

आयएस ४५६ नुसार पार्टिशन उभारल्यानंतरचं वाकणं गाळ्याच्या ३५० व्या भागाहून किंवा २० मिलिमीटरहून, जे कमी असेल त्याहून, जास्त नसावं. ५ मीटरला १४ मिलिमीटर. ते ओलांडलं की भिंतीला तिरक्या भेगा पडतात, आणि आपण मिस्त्रीला बोल लावतो.

भिंत वरच्या स्लॅबला घट्ट भिडवूही नका. वरचा स्लॅब वाकून टेकला की 'भार न घेणारी' भिंत भार घेऊ लागते. थोडी फट ठेवा, पण माथा कोलमडू नये म्हणून क्लिपने धरा.

हलके पर्याय आहेतच. एएसी ब्लॉकची १० सेंटिमीटरची भिंत प्लास्टरशिवाय मीटरला २०० किलोच्या आसपास. प्लायवूड त्याहून हलकं. बांबूचे तट्टेही हलके. आपल्या तालुक्यात मेंढा (लेखा) ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, त्या जंगलात बांबू भरपूर. आवाज मात्र पलीकडे जातो, हे मान्य.

काम सुरू करण्याआधी इंजिनिअरला तीनच गोष्टी विचारा : पट्ट्या कोणत्या दिशेने आहेत, तुळई कुठे आहे, आणि डिझाइनमध्ये पार्टिशनचा भार धरला होता का?