दुखणे घरातले, आकडे वहीतले

चांदवड हे मुंबई–आग्रा रस्त्यावरचे गाव. जवळच डोंगरात रेणुकामातेचे देऊळ आहे. गावात अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आहे. रस्ता जुना आणि रहदारी मोठी. रस्त्याने माल येतो, माणसे येतात. माणसांबरोबर दुखणीही येतात.

२०२० साली कोरोना आला. मार्च महिन्यात आपल्या राज्यातले पहिले रोगी पुण्यात सापडले. मे महिन्यात मुंबईची कामे बंद पडली म्हणून हजारो मजूर आपापल्या मुलखाला पायी निघाले. ते याच रस्त्याने गेले. वाटेवरच्या लोकांनी त्यांना पाणी दिले, भाकरी दिली.

२०२१ च्या एप्रिलात दुसरी लाट आली. ती फार मोठी होती. दवाखान्यांत खाटा मिळेनात. प्राणवायू मिळेना. पुष्कळ माणसे दगावली. पण दुसरीही एक गोष्ट खरी आहे. ज्यांना हे दुखणे झाले, त्यांतली बहुतेक माणसे घरच्या घरी बरी झाली. ती कशी बरी झाली, हे आज आपण वाचू. त्यासाठी एका घरची गोष्ट सांगतो. नावे घालत नाही. असे घर तुमच्याही गावात असेल.

कांद्याचा वास येईना

एप्रिलचे दिवस होते. उन्हाळ कांदा काढणीला आला होता. घरधन्याला कणकण आली. अंग मोडून आले. खोकला सुरू झाला. तो म्हणाला, “साधं पडसं आहे. उन्हात काम केलं, अंग तापलं. कांदा चाळीत पडू दे, मग बघू.”

घरधनीण नुकतीच आमच्या वर्गात लिहायला वाचायला शिकली होती. ती म्हणाली, “अहो, कांद्याच्या ढिगापाशी बसलात आणि तुम्हाला वास येत नाही. हे साधं पडसं नाही. दवाखान्यात चला.”

“तपासायला गेलो की गावभर होईल. उद्या एक मजूर शेतात पाय ठेवायचा नाही.”

“आणि न सांगता मजुरांना बोलावलं, तर त्यांच्या घरी दुखणं आपणच धाडलं म्हणायचं!”

घरधनी गप्प झाला. दोघे सरकारी दवाखान्यात गेले. तपासणीत कोरोना निघाला. डॉक्टरांनी छाती तपासली. दम लागत नव्हता. रक्तातला प्राणवायू ठीक होता. डॉक्टर म्हणाले, “दुखणे सौम्य आहे. घरी राहा, पण वेगळे राहा. आणि रोज आकडे लिहून ठेवा.”

मंडळी, आजार होणे हा गुन्हा नव्हे. आजार लपवला की मात्र तो आपल्याही घरात वाढतो आणि शेजाऱ्याच्याही.

ओसरीवरची खाट

घर दोन खणांचे. वेगळी खोली कुठून आणायची? घरधनिणीने खाट ओसरीवर टाकली. ओसरीवर वारा खेळता असतो. हा रोग खोकण्या-बोलण्यातून, श्वासातून पसरतो. कोंडलेल्या हवेत तो जास्त पसरतो. मोकळ्या हवेत कमी पसरतो.

सासूबाईंना साखरेचा आजार होता. त्यांना आतल्या खोलीत ठेवले. म्हाताऱ्या माणसांना, साखर, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांना आणि गरोदर बायांना हे दुखणे जड जाऊ शकते. घरधन्याचे ताट, तांब्या, टॉवेल वेगळा केला. भांडी साबणाने धुतली. जवळ जाताना दोघांनी नाका-तोंडावर मास्क लावला. ताट ठेवून झाले की ती हात साबणाने धुवी.

औषध काय? तापासाठी डॉक्टरांनी पॅरासिटामॉलची गोळी दिली. किती वेळा घ्यायची तेही सांगितले. बाकी विश्रांती, भरपूर पाणी, पातळ वरण, मऊ भात, दुधात कुस्करलेली भाकरी. घसा दुखला तर कोमट पाण्याच्या गुळण्या. सासूबाईंनी काढा करून दिला. काढ्याने घशाला बरे वाटते. पण काढ्याने रोग मरत नाही, हे ध्यानात ठेवा.

शेजारचा एकजण म्हणाला, “माझ्या भावाच्या गोळ्या उरल्यात, त्या घे.” घरधनिणीने त्या घेतल्या नाहीत. बरे केले. दवाखान्यात अत्यवस्थ रोग्याला देतात ते स्टेरॉइड सौम्य दुखण्यात घेतले, तर फायद्याऐवजी अपाय होतो. साखरही वाढते. दुसऱ्याची गोळी आपले औषध नव्हे.

चौदा की अठ्ठ्याण्णव?

आशाताईंनी एक लहान यंत्र आणून दिले. त्याला ऑक्सिमीटर म्हणतात. कपड्याच्या चिमट्यासारखे ते बोटाला लावायचे. मग दोन आकडे दिसतात. एक रक्तातल्या प्राणवायूचा. दुसरा नाडीचा.

घरधनिणीने ते नवऱ्याच्या बोटाला लावले. आकडा पाहिला आणि ती घाबरली. “आई, चौदाच दिसतात हो!”

आशाताई अजून अंगणातच होत्या. त्यांनी पाहिले आणि म्हणाल्या, “बाई, हे आकडे इंग्रजी आहेत. चौदा नाहीत, अठ्ठ्याण्णव आहेत!”

असे का झाले? इंग्रजी नऊ आपल्या मराठी १ सारखा दिसतो. इंग्रजी आठ आपल्या मराठी ४ सारखा दिसतो. म्हणून ९८ चे १४ वाटले. तेव्हा मंडळी, मराठी आकडे आले की तेवढ्यावर थांबू नका. इंग्रजी आकडेही शिका. ते घड्याळात असतात, एसटीवर असतात, औषधाच्या पाकिटावर असतात.

आणखी एक फसगत होते. यंत्र उलटे धरले तर इंग्रजी सहाचा नऊ होतो. आठ मात्र उलटा केला तरी आठच राहतो. म्हणजे यंत्रात ८६ असले आणि आपण उलट्या बाजूने पाहिले, तर ९८ दिसतात! रोगी संकटात, आणि आपण निर्धास्त. यावर सोपा उपाय आहे. यंत्र आधी आपल्या धडधाकट बोटाला लावून पाहा. ९५ ते १०० मधला आकडा यायला हवा. मग त्याच बाजूने पाहत रोग्याला लावा. नंतर यंत्र पुसून ठेवा.

मोजण्याआधी रोग्याला पाच मिनिटे शांत बसू द्या. बोट गार नसावे. नखाला रंग किंवा मेंदी नसावी. आकडा स्थिर झाला की मगच वाचा. दोन आकड्यांची अदलाबदल करू नका. प्राणवायू १०० च्या वर कधी जात नाही. नाडी जाऊ शकते.

घरधनिणीने वहीत असे लिहिले :

दिवस ४, सकाळ. ताप १००.८. प्राणवायू ९८. नाडी ८८.
दिवस ४, रात्र. ताप १०१. प्राणवायू ९७. नाडी ९२.

ताप येतो तो दिवस पहिला. तिथून दिवस मोजायचे.

बरे वाटले, तोच दिवस सांभाळायचा

सहाव्या दिवशी ताप उतरला. घरधनी खाटेवरून उठला. म्हणाला, “आता मी बरा आहे. कांदा उन्हात करपतोय. शेतात जातो.”

घरधनीण म्हणाली, “आज सहावा दिवस. डॉक्टर काय म्हणाले होते? पाचव्यापासून दहाव्या दिवसापर्यंत डोळ्यांत तेल घालून बघा.”

डॉक्टरांचे म्हणणे खरे होते. या रोगात कधी कधी आधी बरे वाटते आणि मग रोग फुप्फुसात उतरतो. फुप्फुस सुजले की रक्तात प्राणवायू कमी पडतो. आणि वाईट हे की काही जणांना ते लवकर समजतच नाही. माणूस बोलत असतो, चहा पीत असतो, आणि आत प्राणवायू उतरत असतो. जे जिवाला समजत नाही ते आकड्याला समजते.

सातव्या दिवशी सकाळी ९७ होते. संध्याकाळी ९५ झाले. ९५ वाईट नाही. पण आकडा उतरत होता. घरधनिणीने सकाळची वाट पाहिली नाही. आशाताईंना फोन केला आणि वहीतले सगळे आकडे वाचून दाखवले. आशाताईंनी डॉक्टरांना विचारले. डॉक्टर म्हणाले, “दर चार तासांनी मोजा. ९४ च्या खाली गेला, तर लगेच घेऊन या. रात्र आहे म्हणून थांबू नका.”

त्या रात्री ती जागीच होती. ९५. पुन्हा ९५. पहाटे ९६. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ९७. नवव्या दिवशी डॉक्टरांना विचारून घरधनी अंगणात सहा मिनिटे सावकाश चालला. चालण्याआधी ९७, नंतर ९६. चालल्यावर आकडा तीनहून जास्त उतरला किंवा दम लागला, तर दवाखान्यात जायचे असते. ती वेळ आली नाही.

केव्हा एक क्षणही थांबायचे नाही?

दम लागला. छातीत दुखले किंवा दडपण आले. ओठ निळसर पडले. रोगी भ्रमात बोलू लागला. सारखी गुंगी आली, उठवता उठेना. प्राणवायू ९४ च्या खाली गेला. यांतले एकही दिसले तर १०८ नंबरला फोन करा. गाडी फुकट येते. गाडी येईपर्यंत रोग्याला सोसत असेल तर पालथे झोपवा. त्याने श्वास सुधारायला मदत होते. गरोदर बाईला मात्र पालथे झोपवू नका.

कांदा कोणी काढला?

भाऊबंद आले. त्यांनी कांदा काढून चाळीत भरला. घरधन्याने दहा दिवस ओसरी सोडली नाही. त्या वेळी नियम तसा होता. पुढे पंधरा दिवस चार पावले चालला तरी त्याचे पाय भरून येत. दुखणे गेले तरी अशक्तपणा मागे राहतो. म्हणून काम हळूहळू वाढवावे. वास परत यायला तर महिन्याहून जास्त दिवस लागले. एके सकाळी घरधनी चाळीपाशी उभा राहिला आणि ओरडला, “अगं, कांद्याचा वास आला!”

आज काय?

१६ जानेवारी २०२१ ला आपल्या देशात लस द्यायला सुरुवात झाली. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगावरची आणीबाणी संपली, असे जाहीर केले. पण रोग पार गेलेला नाही. आता तो बहुतेकांना सौम्य होतो. म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना अजूनही जपावे लागते. घरी किती दिवस राहायचे याचे नियमही बदलले. ते डॉक्टरांना विचारावे.

प्रत्येक ताप कोरोनाचा नसतो. हिवताप असतो, डेंगी असते, विषमज्वर असतो. म्हणून ताप तीन दिवसांहून जास्त राहिला, तर दवाखाना गाठा. आणि जाताना वही न्या. “ताप येतो-जातो” असे सांगण्यापेक्षा कोणत्या दिवशी किती ताप होता ते दाखवले, तर डॉक्टरांचे काम सोपे होते.

ती वही अजून त्या घरात आहे. पहिल्या पानावरचे आकडे वाकडेतिकडे आहेत. शेवटच्या पानावरचे सरळ आहेत.

प्रश्न

१. घरधन्याला दवाखान्यात का जायचे नव्हते? त्याला काय उत्तर मिळाले?
२. ९८ चे १४ का वाटले?
३. यंत्र आधी आपल्या बोटाला का लावावे?
४. बरे वाटल्यावरही दहाव्या दिवसापर्यंत का जपावे?
५. तुमच्या घरात एक वही करा. पहिल्या पानावर १०८ आणि तुमच्या आशाताईंचा नंबर लिहा.